दावं बांधलेली गाडी

तलासरी
१८ जानेवारी २०१५

जतीन,

'प्रिय' लिहिलं होतं, ते खोडलं. शाई पातळ आहे, खालून दिसत असेल तर दिसू दे.

मला खरं तर फोनवरच भांडायचं होतं. पण वसईच्या आरटीओबाहेर बसणारा एजंट म्हणाला, "तोंडी काही मागू नका. लेखी मागा, रजिस्टर पोस्टाने मागा आणि पोचपावती जपून ठेवा." म्हणून मी, हायवेच्या कडेला ट्रकांखाली आडवं पडून दिवस काढणारा मेकॅनिक, शाळा सुटल्यावर पहिल्यांदा पत्र लिहायला बसलोय. सोबत दोन फॉर्म आहेत, एकोणतीस नंबरचा आणि तीस नंबरचा. गाडी विकणाऱ्याने सही करायची असते. जिथे करायची तिथे पेन्सिलीने फुली मारली आहे. बोटीवरच्या इंजिन रूममध्ये तू दिवसाला याहून जास्त सह्या करत असशील.

परवा मी गाडी वापीला कॉम्प्युटरवर स्कॅनिंग करायला नेत होतो. अच्छाडच्या नाक्यावर हवालदाराने हात केला. त्याने आधी गाडी बघितली, मग मला बघितलं, मग माझ्या पायातल्या स्लिपर बघितल्या.

"मालक कुठाय?"

"मीच."

"तू?" त्याने आरसी बुक घेतलं. "जतीन चंदर पागधरे तू काय रे?"

मी सगळं सांगितलं. मित्राकडून विकत घेतली, नाव बदलायचं बाकी आहे. तो म्हणाला, लाव मित्राला फोन. मी लावला, स्पीकरवर ठेवला. तू नेरूळच्या घरी होतास, मागे टीव्ही चालू होता. तू काय म्हणालास ते तुला आठवत नसेल. माझ्या कानातून ते अजून जात नाही. तू म्हणालास, "हां साहेब, आमचाच माणूस आहे तो. सोडा त्याला."

सोडलं साहेबांनी. तुझ्या आवाजाशी अगदी अदबीने बोलले. मी मात्र रस्त्याच्या कडेला हात बांधून उभा होतो, स्वतःच्याच गाडीजवळ.

'आमचाच माणूस' म्हणजे कोण रे, जतीन? बोर्डीच्या शाळेत आपण सहा वर्षं एका बाकावर बसलो. मी वसतिगृहाचा, तू झाईहून सायकलने येणारा. गणिताच्या तासाला माझ्या वहीत डोकं घालायचास तेव्हा कोण कोणाचा माणूस होता? "गाडी मी त्याला विकली आहे" एवढं वाक्य म्हणायला तुझी जीभ का झडली?

विकलीस ना? की मला स्वप्न पडलं? दिवाळी होऊन तीन आठवडे झाले होते. तुमच्या अंगणात नारळाखाली ती दीड वर्षं ताडपत्रीत मरून पडली होती. तू हौसेने मुंबईत सेकंडहँड घेतलेली, सहा सिलिंडरची जर्मन गाडी, एक लाख बासष्ट हजार किलोमीटर पळून दमलेली. खाऱ्या वाऱ्याने वायरींच्या जोडांवर हिरवा गंज चढला होता, पाण्याचा पंप बसला होता. तू म्हणालास, "भंगारात जाणार, त्यापेक्षा तू घे मन्या." ठरले तेवढे पैसे मी एकरकमी तुझ्या हातात ठेवले.

फॉर्म त्या दिवशी माझ्या शर्टाच्या खिशातच होते. ते मी का काढले नाहीत, हे तुला माहीत आहे. बाबा माझ्यासोबत आले होते. आमच्या पाड्यावर बैल घेतला की जुन्या मालकाचं दावं सोडून त्याला परत द्यायचं आणि घरून आणलेलं नवं दावं बांधायचं. पाच माणसांनी बघितलं की व्यवहार पुरा झाला. त्यानंतर कागद मागणं म्हणजे समोरच्याला तोंडावर चोर म्हणणं. बाबांनी रात्रभर बसून अंबाडीचं दावं वळलं होतं, त्याला लाल गोंडा लावला होता. ते त्यांनी गाडीच्या पुढच्या जाळीला बांधलं. पाच माणसं जमली, तुझ्या वडिलांनी, चंदरकाकांनी, खोबरं वाटलं. तू हसत हसत फोटो काढलेस. त्यानंतर खिशातून फॉर्म काढायची माझी छाती झाली नाही. तेवढीच माझी चूक.

ती चूक तू सह्या करून दुरुस्त करावीस. टपालखर्च मी देतो.

मनिष


तलासरी
९ मे २०१६

जतीन,

सव्वा वर्षाने तुझं कुरिअर आलं. पाकीट जाड होतं. निलम म्हणाली, "बघा, आले कागद. उगाच मित्राला शिव्या घालत होता." तिने देवापुढे ठेवून मग माझ्या हातात दिलं.

आत माझे फॉर्म नव्हते. स्टॅम्पपेपर होता, नोटरीचा लाल शिक्का मारलेला. "श्री. मनिष तुक्या धोडी, राहणार तालुका तलासरी, हे माझे ड्रायव्हर असून माझ्या मालकीचे वाहन चालविण्यास माझी त्यांना परवानगी आहे." खाली तुझी झोकदार सही. म्हणजे सही करता येते तुला.

वर चिठ्ठी. "मन्या, हे गाडीत ठेव, कोणी अडवणार नाही. नावाच्या भानगडीत पडू नको. तुझ्या नावावर केली तर लोक विचारतील कुठून आणली. माझं नाव आहे तोवर कोणी हात लावत नाही. तुझ्या भल्यासाठीच सांगतोय."

माझं भलं! आजवर ज्याने ज्याने माझं काही काढून घेतलं, त्याने माझं भलंच केलंय. मला कोण हात लावणार आणि का लावणार? मी चोरी केली आहे का? मी पैसे मोजून गाडी घेतली आणि स्वतःच्या हाताने ती जिवंत केली. तू जी मला दिलीस ती गाडी नव्हतीच, सांगाडा होता.

ऐकायचंय काय काय केलं? ऐकच. पंप विजेवर चालणारा, तो कुर्ल्याच्या जुन्या स्पेअर बाजारातून शोधून आणला, त्यासाठी तीन खेपा. थर्मोस्टॅट नवा. इंजिनच्या माथ्यावरून तेल गळायचं ते गॅस्केट बदललं. पुढच्या चाकांचे आर्म आणि त्यांचे बूश दोनदा बदलले, कारण ही बया सपाट रस्त्यासाठी जन्मली आणि नांदायला आली तलासरीत. स्पीडब्रेकर आला की तिला तिरकी करून, एकेक चाक चढवून, नव्या नवरीसारखी उंबरठ्यावरून न्यावी लागते. हिला स्टेपनी नाही. तेल बघायला काडी नाही, डॅशबोर्डवरच्या पडद्याला विचारायचं आणि पडदा त्याची मर्जी असेल तर सांगतो. बॅटरी डिकीत. पाड्यावरचे म्हातारे येऊन बॉनेट उघडायला लावतात, आत बॅटरी दिसत नाही म्हणून हसतात. "मन्या, अर्धीच गाडी दिली रे तुला!" नाव मोठं, लक्षण खोटं. पण एकदा हायवेला लागली आणि पायाखाली ते इंजिन मोकळं झालं की जतीन, माझ्या छातीतली सगळी जळमटं उडून जातात. हे मी निलमलाही सांगितलेलं नाही. तुला सांगतोय, कारण ते तुला तरी कळावं.

आणि एवढं करून मी कोण, तर ड्रायव्हर. चैत्रात महालक्ष्मीच्या जत्रेला बाबांना घेऊन गेलो. पार्किंगवाला पोरगा खिडकीवर थाप मारून म्हणाला, "ड्रायव्हर, साहेबांना इथे उतरव आणि गाडी तिकडं मागे लाव." मागच्या सीटवर बाबा टोपी घालून बसले होते. ते शांतपणे उतरले, छाती काढून उभे राहिले आणि म्हणाले, "मीच सायब हाय. बोल." त्या पोराचं तोंड बघण्यासारखं झालं. आम्ही दोघं देवीपर्यंत हसत गेलो. परत येताना मात्र बाबांनी विचारलं, "तू मालक असून ड्रायव्हर का म्हणतात रे?" मी म्हटलं, गाडी चालवतो त्याला ड्रायव्हरच म्हणतात. त्यांचं समाधान झालं नाही.

तुझा स्टॅम्पपेपर मी फाडून टाकला. पुन्हा दोन्ही फॉर्म पाठवतोय. फुल्या या वेळी लाल पेनाने मारल्या आहेत.

मनिष


तलासरी
१२ डिसेंबर २०१७

जतीन,

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, पण तू तर बोंबही मारली नाहीस. सरळ येऊन घेऊन गेलास.

शुक्रवारी मी जेवायला घरी गेलो होतो. परत आलो तर गॅरेजसमोरची जागा रिकामी. एवढ्यात मोबाइलवर तुझा मेसेज, "मन्या, गाडी नेतोय, दोन दिवसांत आणतो. दुसरी चावी होती माझ्याकडे. मित्र आलेत, दमणला चाललोय." पुढे अंगठा. लगेच फोन लावला, तू उचलला नाहीस. दुसऱ्या दिवशी फोटो पाठवलास, समुद्रावर गाडीला टेकून उभा, काळा चष्मा. खाली लिहिलंस, "मस्त ठेवलीयेस!"

विकलेल्या घराची चावी ठेवून घेणारा माणूस मी अजून बघितला नव्हता. निलम म्हणाली, "पोलिसांत जा." मी शर्ट घातला, दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो. काय सांगणार होतो? मालकाने मालकाची गाडी नेली? त्यांनी मलाच बसवून ठेवलं असतं की, तू कोण विचारणारा! निलम म्हणाली, "मग ती गाडी आपली कशी?" ज्या प्रश्नाचं उत्तर येत नाही तो बायकोने विचारला की माणूस ओरडतो. मी ओरडलो.

रविवारी संध्याकाळी तू आलास. गाडी गॅरेजपासून लांब, वडाखाली लावलीस. डावा दिवा फुटलेला, बंपरचा कोपरा आत गेलेला, खालचा तेलाचा टब घासलेला. "झाईच्या पुढे कुत्रं आडवं आलं रे," म्हणालास. "जरा ऑइल बघून घे." आणि तुझे मित्र ज्या गाडीत बसले होते त्यात बसून निघून गेलास. चहाला थांबला नाहीस. नजर वर केली नाहीस. मी समजलो, शरम वाटली असेल.

दिवा कुर्ल्याहून आणला. बंपर गरम पाण्याने सरळ केला, रंग मारला. गाडी पहिल्यासारखी झाली. तुला काही विचारायचं नाही आणि मला काही सांगायचं नाही. मी कुलूप बदलून घेतोय, तुझ्या चावीने आता दार उघडणार नाही.

फॉर्म सोबत आहेत. तिसऱ्यांदा.

मनिष


तलासरी
६ फेब्रुवारी २०१९

जतीन,

तुला वाटलं असेल, वर्षभर पत्र नाही म्हणजे मन्या थकला. थकलोच होतो. पण आज लिहायला कारण घडलंय.

इथे नोव्हेंबरपासून जमीन हलते आहे, ते बातम्यांत बघितलंच असशील. दिवसातून दोनदा, कधी पाचदा. भिंतींना भेगा गेल्या, लोक घराबाहेर राहतात. आम्हीही अंगणात राहतो, बाबा परवापर्यंत गाडीत, तुझ्या त्या कातडी सीटवर झोपायचे. सोमवारी मी डिकीत ताडपत्र्या भरून धुंदलवाडीकडच्या पाड्यांवर वाटायला गेलो. दुपारची वेळ होती. ताडपत्री घ्यायला रांग लागली. रांगेतली एक बाई पुढे येईना. ती गाडीच्या नाकाकडे बघत उभी होती.

मग ती एकदम ओरडली, "हीच! दावंवाली गाडी! हीच ती!"

तिचं नाव जिवली. तिचा नवरा लडक्या बोर्डीच्या वाडीत चिकू उतरवायला जायचा. डिसेंबर २०१७, रविवार, दिवस मावळताना दोघं सायकलने परतत होती. लडक्या पुढे सायकल चालवत, ही मागे बसलेली. मागून गाडी आली, सायकलला उडवून थोडी पुढे थांबली, आणि निघून गेली. जिवली पुढे शेतात फेकली गेली म्हणून वाचली. लडक्याचं कंबरेचं हाड मोडलं. तो आता काठी घेऊन झोपडीच्या दारापर्यंत येतो. झाडावर चढायचा माणूस होता तो. जिवलीला वाचता येत नाही, नंबर सांगता आला नाही. गाडी थांबली तेव्हा पुढून एक गोंडा लोंबताना दिसला, एवढंच ती पोलिसांना सांगत राहिली. गाडीला दावं बांधलं होतं म्हणते, म्हणून पोलिसही हसले.

पाच मिनिटांत मला पन्नास माणसांनी घेरलं. मी सांगत होतो, मी चालवत नव्हतो. एक जण म्हणाला, "गाडी कोणाची?" दुसरा म्हणाला, "ह्याचीच. चार वर्षं सांगत फिरतो ना, माझी गाडी, माझी गाडी!" चार वर्षं ज्यांनी मला ड्रायव्हर म्हटलं, त्या सगळ्यांना त्या दिवशी मी मालक आहे हे पटलं. नशीब, तिथल्या पोलीस पाटलाने मला ओळखलं आणि मारू दिलं नाही. गाडी पोलीस ठाण्यात जमा आहे. मला रोज हजेरीला बोलावतात. आरसीवर तुझं नाव आहे, तुलाही फोन गेला असेल.

आता दोन गोष्टी कबूल करतो. एक, तो स्टॅम्पपेपर मी फाडला नव्हता. रबराच्या चटईखाली ठेवला होता आणि नाक्यावर तीनदा दाखवला. तिन्ही वेळा 'मी यांचा ड्रायव्हर' असं स्वतःच्या तोंडाने म्हणालो, कारण मला घरी जायचं होतं.

दुसरी गोष्ट सांगायला जड आहे. तू गाडी परत आणलीस तेव्हा बंपरच्या आत गेलेल्या कोपऱ्यात हिरवा रंग लागला होता. कुत्रं हिरवं नसतं, जतीन. मेकॅनिकला सायकलचा रंग ओळखता येतो. मी थिनरने पुसला तो, एका मिनिटात, आणि दिवा आणायला कुर्ल्याला गेलो. मला विचारायचं नव्हतं. विचारलं असतं आणि तू खरं सांगितलं असतंस तर मला काहीतरी करावं लागलं असतं. तुझ्यावरचा राग बरा होता, त्यात मी एकटाच रागावलेला आणि एकटाच शहाणा होतो. तो माणूस चौदा महिने झोपडीत पडून होता आणि मी कुलपं बदलत होतो.

तू ये. रजा टाक, विमान पकड, काय वाटेल ते कर, पण ये. ठाण्यात जाऊन खरं सांग. मी तुझ्या शेजारी उभा राहीन आणि माझंही सांगेन. फॉर्म या वेळी पाठवत नाही. आता मला गाडी नको, तू हवास.

मनिष


तलासरी
११ मार्च २०१९

जतीन,

तुझं कुरिअर शनिवारी मिळालं.

मी पाठवलेले दोन्ही फॉर्म. पाचच्या पाच सह्या. जिथे लाल फुली होती तिथे बरोबर फुलीवर. तारीख टाकलीस १५ नोव्हेंबर २०१४. सोबत प्रतिज्ञापत्र, की सदर वाहन मी त्या तारखेस पाच साक्षीदारांसमक्ष श्री. मनिष तुक्या धोडी यांना विकले असून तेव्हापासून माझा त्याच्याशी संबंध नाही. पाच साक्षीदारांची नावंही दिलीस. आमच्या बाबांचं पहिलं. म्हणजे दाव्याचा व्यवहार तुला चांगला आठवत होता.

आणि चिठ्ठी. "मन्या, पहिल्यापासून गाडी तुझीच होती. मी कधी नाही म्हटलं? तू सही कर आणि ठाण्यात देऊन टाक. तो लडक्या तुमच्यातलाच आहे, बसून मिटवता येईल. माझं लायसन गेलं तर बोटीवर पाय ठेवता येणार नाही. तू समजून घेशील."

पहिल्यापासून गाडी तुझीच होती. हे वाक्य मला चार वर्षं हवं होतं, जतीन. नाक्यावर हवं होतं, जत्रेत हवं होतं, निलमने विचारलं तेव्हा हवं होतं. मी फुकट मागत नव्हतो, विकत घेतलेलं मागत होतो. तू ते तेव्हा दिलंस, जेव्हा त्याला एका माणसाची मोडलेली कंबर बांधलेली होती.

'तुमच्यातलाच' हे तर मी तीनदा वाचलं. म्हणजे आमच्यातल्याची हाडं स्वस्त, आणि आमच्यातल्या आमच्यात ती अजून स्वस्त पडतील, असा तुझा हिशेब. बोर्डीच्या वर्गात आपण दोघांनी एकच डबा खाल्ला, त्यात हे कुठे लपलं होतं ते मला कधीच दिसलं नाही.

काल चंदरकाका आले होते. रिक्षाने आले, या वयात, झाईहून इथपर्यंत. ओट्यावर बसले, पाणीही घेतलं नाही.

"मनिष, पोरा, सही करून टाक. जतीनचं सगळं जाईल रे."

"आणि माझं काका?"

"तुझं काय जायाचं? तुझा हात तुझ्यापाशी हाय. मेकॅनिकला काम कोण नाय म्हणतंय?"

"लडक्याचंही हेच होतं. हात होते, पाय होते."

ते ओट्यावरून उठले. मग म्हणाले, "त्या दिवशी खोबरं मी वाटलं होतं. तू आमच्या घरचाच ना?" मी त्यांच्या पायाला हात लावला आणि रिक्षात बसवलं. मला त्यांचा राग आला नाही. ते बाप आहेत. पण घरचा म्हणून मला दिलं काय, तर दुसऱ्याचा गुन्हा, हे त्यांना सांगून काय उपयोग.

बाबांना सगळं वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, "तारीख खरी हाय का खोटी?" मी म्हटलं खरी आहे, त्याच दिवशी घेतली. "मग खऱ्याला कशाला भ्यायचं?" एवढं बोलून ते कुडाची माती लिंपायला गेले. निलमने मात्र रात्रभर डोळ्याला डोळा लावला नाही. सकाळी म्हणाली, "गॅरेज बंद पडलं तरी चालेल. पण त्या बाईसमोरून मला जाता आलं पाहिजे."

आज सकाळी अकरा वाजता मी ठाण्यात गेलो. आधी फॉर्मवर घेणाऱ्याच्या जागी सह्या केल्या, साहेबांच्या टेबलावरच, त्यांच्याच पेनने. साहेबांनी तुझं प्रतिज्ञापत्र दोनदा वाचलं. मग त्यांनी माझ्यासाठी खुर्ची मागवली. पाच आठवडे मी त्यांच्यासमोर उभा राहत होतो.

"म्हणजे मालक तुम्ही," ते म्हणाले. "विकणाराच लिहून देतोय म्हटल्यावर वादच नाही."

"हो."

"मग कायद्याप्रमाणे मालकाला एक सांगावंच लागतं. अपघात झाला त्या वेळी तुमचं वाहन कोण चालवत होतं? लेखी द्यावं लागेल. ड्रायव्हरला विचारलं तर तो स्वतःपुरतं बोलतो. मालक सांगतो ते आम्ही धरून चालतो."

तुझ्या वकिलाने हे तुला सांगितलं नाही वाटतं.

मी लिहून दिलं. तुझा मेसेज, "गाडी नेतोय, दोन दिवसांत आणतो", त्याची प्रत जोडली. दमणचा फोटो जोडला, त्यात गोंड्यासकट गाडीचं नाक स्पष्ट दिसतं, आणि तारीखही. त्याखाली माझं लिहिलं, हिरवा रंग मीच पुसला आणि दिवा मीच बदलला, कोणी विचारलं नाही म्हणून बोललो नाही. साहेब म्हणाले, "हे लिहिलंत तर तुमच्यावरही कलम लागेल. खोडा पाहिजे तर." मी खोडलं नाही. बाहेर बाकावर जिवली बसली होती. तिला आत बोलावून हवालदाराने माझा जबाब वाचून दाखवला. ऐकून ती उठली आणि माझ्याकडे न बघता बाहेर गेली. ते बरोबरच आहे.

तुला आता समन्स येईल. बोट कुठल्या बंदरात आहे ते मला माहीत नाही, म्हणून हे पत्र नेरूळच्या पत्त्यावर पाठवतोय. मी काय लिहून दिलं ते तुला दुसऱ्याकडून कळू नये. छापील अर्जावर दोनच ओळी भरायच्या होत्या, त्या उतरवून देतो.

वाहनमालकाचे नाव: मनिष तुक्या धोडी.
चालकाचे नाव: जतीन चंदर पागधरे.

मनिष